फायबरमधलं पॅकेट वाटेत थांबतं, आणि थांबावंच लागतं

एक मजकूर पुन्हा पुन्हा फिरत असतो: "ऑप्टिकल नेटवर्कमध्ये डेटा प्रकाशाच्या वेगाने धावतो. राउटर आरशासारखा प्रकाश वळवतात, पॅकेट कुठेही थांबत नाही. फायबर आलं की लॅग संपला." प्रत्येक वाक्यात थोडं तथ्य आहे, म्हणून तर तो खपतो. (पॅकेट म्हणजे डेटाचा छोटा तुकडा, राउटर म्हणजे तो पुढच्या वाटेवर धाडणारं यंत्र, लॅग म्हणजे होणारा उशीर.)

वेगाचं आधी उरकू. सेकंदाला ३ लाख किलोमीटर हा निर्वातातला वेग. फायबरच्या तंतूतल्या काचेचा अपवर्तनांक (प्रकाश तिच्यात किती पट मंदावतो) साधारण १.४७, त्यामुळे आत तो २ लाखांच्या आसपास उतरतो. ८,००० किलोमीटर जाऊन यायला ८० मिलिसेकंद लागणारच. बँडविड्थ (सेकंदाला किती डेटा जातो) वाढवली म्हणून प्रकाश घाई करत नाही.

खरी गफलत आरशांची आहे. प्रकाश वळवणारे स्विच असतात, पण ते अख्खी तरंगलांबी, म्हणजे एका रंगाचा पूर्ण झोत, वळवतात, तिच्यातलं एकेक पॅकेट नाही. वळण बदलायला त्यांना सहसा काही मिलिसेकंद लागतात. १०० गिगाबिटच्या लिंकवरून १,५०० बाइटचं पॅकेट १२० नॅनोसेकंदांत निघून जातं, म्हणजे एका मिलिसेकंदात आठ हजारांहून जास्त पॅकेट पुढे गेलेली असतात! शिवाय पॅकेट कुठे धाडायचं हे ठरवायला हेडर (पॅकेटच्या सुरुवातीचा पत्त्याचा भाग) वाचायचा, राउटिंग टेबलमधल्या लाखो नोंदींतून सर्वांत लांब जुळणारा प्रिफिक्स (पत्त्याचे सुरुवातीचे आकडे) शोधायचा. हे काम इलेक्ट्रॉनिक चिपच करते. त्यासाठी प्रकाशाची वीज होते आणि निघताना लेझर पुन्हा प्रकाश करतो.

"कुठेही थांबत नाही"? दोन पॅकेटना एकाच क्षणी एकच पोर्ट (राउटरमधून बाहेर पडायचं दार) हवा असेल तर एकाने थांबायचं, नाहीतर गळायचं. राउटर त्याला मेमरीत ठेवतो. प्रकाशासाठी अशी वापरण्याजोगी रॅम नाही. प्रयोगांत तंतूची वेटोळी वापरतात: १ मायक्रोसेकंद अडवायला सुमारे २०० मीटर तंतू, आणि आत गेलेलं पॅकेट ठरल्या वेळीच बाहेर येणार, पोर्ट मोकळा असो वा नसो. दुसरी युक्ती म्हणजे पॅकेट मुद्दाम भलत्या वाटेने पाठवायचं, फिरून येईल या भरवशावर. मग क्रम बिघडतो, टीसीपीला (डेटा नीट पोचतो का हे पाहणाऱ्या प्रोटोकॉलला) पॅकेट हरवलंसं वाटतं आणि तो वेग कमी करतो. कागदावर छान, चालवायला डोकेदुखी.

राहिला लॅग. गर्दी नसेल तर मोठ्या राउटरमधला थांबा मायक्रोसेकंदांत मोजायचा, वरच्या ८० मिलिसेकंदांपुढे किरकोळ. रांग लागली की तोच मिलिसेकंदांवर जातो, आणि रांग बहुधा कडेच्या अरुंद जोडणीवर किंवा वायफायवर लागते.