रविवारी फाटक बंद राहील

“एवढं देखणं घर, पण ठेवलंय बघा कसं!”

काल सकाळी आठच्या आत, माझ्याच ओसरीत उभं राहून एक बाई हे बोलल्या. मी जिन्याच्या वरच्या पायरीवर होते, दोन्ही हातांत गळतीच्या पाण्याने भरलेल्या बादल्या. शनिवारी रात्री वळवाची एक सर आली, जेमतेम वीस मिनिटांची, आणि माडीवर पाच ठिकाणी धार लागली. रात्री दीडला ह्यांनी आणि मी पलंग ओढले, गाद्या गुंडाळल्या, घरातले सगळे टोप, पराती, लोणच्याची रिकामी बरणीसुद्धा खाली मांडली. साडेचारला कुठे डोळा लागला. आणि सात चाळीसला ओसरीत पावलं वाजली ती ह्या हेरिटेज वॉकवाल्यांची. अठ्ठावीस माणसं. मोजली मी.

आधी फोन नाही, फाटकातून हाक नाही. दूधवाला फाटक उघडं टाकून गेला होता, तेवढं पुरलं.

बाई, तुम्ही दाराशेजारच्या भिंतीचा सुटलेला पोपडा नखाने धरून ओढलात. मी वरून बघत होते. हातभर गिलावा खाली आला. तुम्ही हात झटकलात आणि शेजारणीला म्हणालात, “घरच्यांनी लक्षच दिलं नाही ना.” त्या ढिगाचा फोटो काढलात. मग चाफ्याच्या झाडाखाली उभं राहून स्वतःचा काढलात. केरसुणी घेऊन तो ढीग मी भरला.

लक्ष दिलं नाही? १९९१ साली मी ह्या घरात सून म्हणून आले, तेव्हापासून ह्या घराशिवाय दुसऱ्या कशाकडे लक्ष दिलंय, ते मला कुणी सांगा. मुलाच्या इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षी फी आणि पश्चिमेचा वासा एकदमच आले. माझ्या पाटल्या गेल्या त्या वाशात. ह्यांच्या निवृत्तीच्या पैशातून मागच्या बाजूची पन्हळ आणि न्हाणीघरावरचं छप्पर झालं. गिरगावातल्या बाकीच्या बायका मे महिन्यात गावाला जातात, मी मे महिन्यात कौलं परतणाऱ्याच्या मागे फिरते. मुंबईत पाऊस ११ जूनच्या आसपास येतो, त्याआधी छपरावरचं एकेक कौल काढून, रीप तपासून, परत बसवायचं असतं. हे काम येणारी माणसं आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. यंदा आमचा माणूस गावाहून आलाच नाही. म्हणून गळलं.

आणि तो वॉक घेऊन आलेला मुलगा! अंगणात मी जुन्या मंगलोरी कौलांची चळत लावून ठेवली आहे. त्याने त्यातलं एक उचललं, पाठीवरचा शिक्का सगळ्यांना दाखवला आणि म्हणाला, “बघा, १८६५! म्हणजे घर दीडशे वर्षांहून जुनं.” अरे बाळा, १८६५ हे बासेल मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना काढला ते साल. शिक्क्यात कारखान्याचं साल असतं, तुमच्या माझ्या घराचं नव्हे. आमचं घर १९०८ चं आहे. जिन्याखालच्या तुळईवर कोरलंय, चार पावलं पुढे आला असतास तर दिसलं असतं. लोकांकडून पैसे घेऊन माहिती सांगतोस, तर माहिती करून घे.

त्यातल्याच एकाने मला विचारलं, “काकू, एक कौल नेऊ का, आठवण म्हणून?”

ती चळत म्हणजे माझी चार वर्षांची वणवण आहे. कुठे चाळ पाडायला काढली असं कळलं की मी पिशवीत जुनं फडकं घेऊन तिथे हजर असते. कौल एका हातावर तोलून धरायचं आणि दुसऱ्या हाताच्या बोटाच्या पेराने वाजवायचं. चांगलं भाजलेलं कौल खणखणीत वाजतं, केसाएवढा तडा असला तरी आवाज बद्द येतो. दहा वाजवावी तेव्हा चार घ्यावीशी वाटतात. ७० रुपयाला एक, वर टेम्पोचं भाडं वेगळं. नवी कौलं स्वस्त असतात, पण जुन्यांच्या खाचेत त्यांची खाच बसत नाही आणि पाणी तिथूनच वाशात उतरतं. मी त्या माणसाच्या हातातलं कौल घेतलं आणि परत चळतीवर ठेवलं. बोलले काही नाही, ह्याचा मला आज पश्चात्ताप होतोय.

गेल्या बुधवारी छपराचं अंदाजपत्रक आलं. १४ लाख ६० हजार. फक्त छपराचे. त्यात परांचीचाच आकडा बघून ह्यांनी चष्मा काढून ठेवला. चार वासे आणि एक तुळई वाळवीने आतून खाल्ली आहे, वरून ठणठणीत दिसते, पण पेचकस टोचला तर मुठीपर्यंत आत जातो. तिथे बर्मा सागच हवा, तो मिळतो जुन्या इमारतींतून निघालेला, घनफुटावर, आणि भाव विकणारा सांगेल तो. पुढच्या सज्जाचा बिडाचा कठडा समुद्राच्या हवेने दोन ठिकाणी गंजून फुटला आहे. तसा तुकडा ओतून देणारा ओतारी शोधतेय, दीड वर्ष झालं.

लोक सांगतात, सिमेंट मारून टाका. मारलं होतं! १९९८ साली एका ठेकेदाराचं ऐकून पश्चिमेची अख्खी भिंत सिमेंटने गुळगुळीत केली. तीन पावसाळ्यांत आतून लोणा फुटला, भिंत मिठासारखी पांढरी, बोट लावलं की भुगा. जुनी विटांची भिंत पावसात पाणी पिते आणि उन्हात सोडते, चुना तिला ते सोडू देतो, सिमेंट कोंडून ठेवतं. मग ते सगळं सिमेंट छिन्नीने काढून पुन्हा चुना. चुना मुरवायला काही आठवडे, त्यात विटांची भुकटी, हिरड्याचं नि गुळाचं पाणी, आणि लावणारा माणूस जाणकार हवा. एकाच भिंतीचे पैसे आम्ही दोनदा भरले. काल ज्याचा पोपडा ओढला गेला, तो ह्या चुन्याचा होता.

आणि हे सगळं मनात आलं म्हणून करता येत नाही. मुंबईची वारसा नियमावली १९९५ ची. आमचं घर यादीत २-अ श्रेणीत आहे. दर्शनी भाग जसाच्या तसा राहिला पाहिजे, आणि राहावाच, ह्याबद्दल माझं भांडण नाही. मला कुणी काच आणि अॅल्युमिनियम फुकट बसवून दिलं तरी नको. पण खिडकीची झिलमिली, म्हणजे उघडमीट करायच्या लाकडी पट्ट्या, बदलायची तर नकाशा, फोटो, आर्किटेक्टची सही, तिची फी, मग फाइल. एका कार्यालयात आमची फाइल सात महिने पडून होती. तिथला माणूस मला म्हणाला, “बाई, तुम्ही नशीबवान, एवढ्या मोठ्या घरात राहता.” हेरिटेज टीडीआरचं, म्हणजे दुसरीकडे वापरायला किंवा विकायला मिळणाऱ्या बांधकामाच्या हक्काचं, नाव सगळे काढतात. तो इथे वाढीव बांधायचा हक्क गमावल्याबद्दल असतो, त्याची फाइल ह्याहून जाड, आणि १० जूनच्या आत छप्पर शाकारायला तो कामाला येत नाही.

राणीच्या बागेतल्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाचं काम बघा, किती सुंदर झालंय. मी दर वर्षी एकदा जाऊन ते छत बघून येते. पण तिथे महापालिका, वारसा जपणारी इंटॅक ही संस्था आणि जमनालाल बजाज फाउंडेशन असे तिघे एकत्र आले आणि २००३ ते २००८ अशी पाच वर्षं लागली. इथे दोन माणसं आहेत, वयं ६६ आणि ५९, आणि एक पेन्शन.

भाड्याबद्दल विचारूच नका. तळमजल्यावर दोन भाडेकरू. माणसं म्हणून सोन्यासारखी, परवा रात्री बादल्या उचलायला त्यांचाच मुलगा धावत वर आला. पण १९४७ च्या कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली आणि १९९९ चा नवा कायदा आला त्याने वर्षाला ४ टक्के वाढ दिली. ५८ रुपयांवर ४ टक्के. पंचवीस वर्षं वाढवत वाढवत महिन्याचे दीडशे रुपये झाले. दोन कौलं येतात त्यात.

प्रॉपर्टी कार्डावर पाच नावं आहेत. गणपतीला पाचही घरं येतात, माडीवर झुंबराखाली ग्रुप फोटो होतो, नणंदबाई मुलांना सांगतात, “हे आपलं घर बरं का!” बुधवारचं अंदाजपत्रक मी पाचही जणांना पाठवलं. धाकट्या दिरांचं उत्तर आलं, “वहिनी, राहता तुम्ही, त्यामुळे तुम्हीच बघा.” पुण्याहून एक नमस्काराचा हात आला. बाकीच्यांनी वाचलंय, निळ्या खुणा दिसतात.

सहा वर्षांपूर्वी एका मालिकेवाल्यांना तीन दिवस घर दिलं होतं. दिवाणखान्याच्या कोरीव चौकटीत खिळे ठोकून पडदे लावले त्यांनी. मी ओरडले तर म्हणाले, “मॅडम, पुट्टी भरून देतो.” एकशे दहा वर्षांच्या सागवानात पुट्टी! तेव्हापासून बंद.

आणि सगळ्यात राग येतो तो “विकू नका हं” म्हणणाऱ्यांचा. डॉ. होमी भाभांचा मलबार हिलवरचा मेहरानगीर बंगला. त्याचं स्मारक करा म्हणून किती लोकांनी विनवलं. २०१४ साली तो ३७२ कोटींना लिलावात गेला आणि २०१६ मध्ये पाडला. भाभांचं घर वाचलं नाही ह्या शहरात, तिथे आमचं कोण वाचवणार? हळहळणारी माणसं रोज भेटतात. एका वाशाचे पैसे मी देतो, असं चौतीस वर्षांत एकही जण म्हणाला नाही.

मला विकायचं नाही. दलालाला मी दारातूनच परत पाठवते. दुपारी चारला समुद्रावरून वारा सुटतो, मी झिलमिलीची दांडी अर्धी खाली ओढते आणि फरशीवर उन्हाच्या पट्ट्या पडतात, जिन्यापर्यंत. लग्न होऊन आले त्या दिवशी ह्याच पट्ट्यांवरून माप ओलांडून आत आले होते. सासूबाई शेवटचे आठ महिने त्या खिडकीपाशीच निजून होत्या, पट्ट्या कुठवर आल्या त्यावरून वेळ सांगायच्या. जिन्याचा कठडा हाताला कसा लागतो, तो चार पिढ्यांच्या हातांनी गुळगुळीत झालेला आहे, कानसेने नव्हे. त्या पोटी हे सगळं करते मी. म्हणूनच ते “ठेवलंय बघा कसं” कालपासून डोक्यातून जात नाही. दोन वेळा जेवण गेलं नाही मला.

आज सकाळी त्या वॉकवाल्या मुलाचा फोन आला. “काकू, पुढच्या रविवारी चाळीस जण आहेत, माडीपण दाखवाल का? लोकांना फार आवडलं घर.” मी त्याला गिलाव्याचं सांगितलं. सॉरी म्हणाला, आणि लगेच पुन्हा विचारलं, माडीचं काय.

कणकवलीहून एक माणूस यायला तयार झालाय, त्याचा मुलगा आणि दोन गडी घेऊन. शनिवारी रात्री पोचतील. पैसे कुठून आणायचे ते ह्यांनी आणि मी काल रात्री बसून ठरवलं, ते इथे लिहीत नाही. रविवारी पहाटे सहाला परांची चढेल, कौलं उतरवायला घेतली की अंगणात पाय ठेवायला जागा राहणार नाही. फाटकाला आतून कुलूप असेल. दूधवाल्यालाही सांगितलंय, पिशवी कडीला अडकवून जा.