पोरं सापडली २ जुलैला, मग काढायला ८ तारीख का उजाडली?

भैय्याचा प्रश्न सरळ होता आणि त्याने तो चहाचा कप खाली ठेवून मोठ्यानेच विचारला. थायलंडच्या थाम लुआंग गुहेत २३ जून २०१८ ला फुटबॉलची बारा पोरं आणि त्यांचा कोच अडकला, २ जुलैला ते जिवंत सापडले, आणि पहिलं पोरगं बाहेर आलं ८ तारखेला. "सहा दिवस काय करत होते भो हे लोक? सापडली ना पोरं? मग घ्यायचं पाठीवर अन निघायचं, आपल्या गिरणेला पूर आला की पट्टीचे पोहणारे बोलावतात तसे दहा जण उतरले असते तर एका रात्रीत काम झालं असतं."

भैय्या स्वतः चांगला पोहतो, गिरणा त्याला पाठ आहे, म्हणून त्याचं बोलणं कोणी हसण्यावारी नेलं नाही. आणि तितूरला पाणी वाढलं की आमच्या चाळीसगावच्या कट्ट्यावर तसाही दुसरा विषय निघत नाही, ३१ ऑगस्ट २०२१ ची पहाट अजून सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आहे, तितूर आणि डोंगरी दोघी एकदम गावात घुसल्या होत्या आणि तिकडे कन्नड घाटात दरडी कोसळल्या होत्या.

बापू आमचा मोटारींचा माणूस. विहिरीत पानबुडी मोटार सोडणं, काढणं, गाळ उपसायच्या आधी पाणी मारणं, सगळं आयुष्य त्यातच गेलं. तो म्हणाला, भैय्या, नदीत तू दमला तर काय करतो? डोकं वर काढतो. विहिरीत? डोकं वर काढतो. गुहेत डोक्यावर पाणी नाही, खडक आहे. तिथे वर जायचा रस्ताच नाही, ज्या भोकातून आला त्याच भोकातून मागे जायचं, मग ते पन्नास फूट असो की किलोमीटर.

मला वाटतं सगळा विषय इथेच आहे आणि आपल्याला तो पटकन समजत नाही कारण आपण गुहा म्हटलं की अजिंठा नाहीतर पितळखोरे डोळ्यांपुढे आणतो. ती लेणी, माणसाने बेसॉल्टमध्ये छिन्नीने कोरलेली, दारातून उजेड आत येतो, पन्नास पावलं गेलं की मागची भिंत. थाम लुआंग चुनखडीची. चुनखडी पाण्यात विरघळते, हजारो वर्षं पाण्यानेच आतून पोखरून पोखरून तो डोंगर पोकळ केलाय, त्यामुळे पाऊस पडला की ते पाणी फक्त तोंडातून आत येत नाही, वरून, बाजूने, भेगाभेगांतून झिरपत येतं. पोरं बसली होती ती जागा तोंडापासून सुमारे चार किलोमीटर आत, मधे कुठे चढ, कुठे उतार, आणि जिथे जिथे उतार तिथे तिथे छतापर्यंत पाणी. सगळ्यात अरुंद जागा ३८ सेंटीमीटर. बापूने हाताने करून दाखवलं, वीतभर अधिक वीतभर, बस. त्यातून पाठीवरचं सिलिंडर घेऊन कसा जाशील, काढून पुढे ढकलावं लागतं. पाणी गढूळ, आपल्या पुराच्या पाण्यासारखंच, टॉर्च नाकासमोर धरला तरी हात दिसत नाही. म्हणून दोर लावत जायचा आणि तो दोर हातातून सोडायचा नाही.

हवेचा हिशोब पण वेगळा. गुहेत बुडी मारणारे लोक हवेचे तीन भाग करतात, एक जायला, एक यायला आणि एक काही झालं तर. म्हणजे पहिला भाग संपला की माघारी, समोर कोणी हाका मारत असलं तरी.

"समोर पोरगं रडत असलं तरी?" भैय्या.

"हो, तरी." बापू.

यावर भैय्या चिडला आणि खरं सांगायचं तर त्याचं चिडणं मला आवडलं, ज्याला असं ऐकून काहीच होत नाही त्याच्याशी या विषयावर बोलण्यात अर्थ नाही. पण मग नानांनी समन कुनानचं नाव काढलं. थायलंडच्या नेव्ही सीलमधून, म्हणजे नौदलाच्या कमांडोंतून, बाहेर पडलेला माणूस, विमानतळावर नोकरी करत होता, कोणी हुकूम दिला नव्हता, मदतीला म्हणून आपणहून आला. ५ जुलैच्या रात्री तो गुहेत वाटेवर हवेची सिलिंडरं ठेवायला गेला, ठेवली, आणि मध्यरात्रीनंतर परत येताना शुद्ध हरपली ती आलीच नाही. नाना एवढंच म्हणाले, "तो त पट्टीना पव्हनारा व्हता ना भो? तरी मरना ना!"

थोडा वेळ कोणीच बोललं नाही.

भैय्याला मी हेच म्हटलं, की दहा पोहणारे उतरवले असते तर दहातले किती परत आले असते याचा विचार कर. बचावाला गेलेला माणूस मेला की एक जीव जातो एवढंच होत नाही, त्याला काढायला आणखी दोघं आत जातात, वाट अडते, दोर गुंततो, आणि ज्यांच्यासाठी आलो ती पोरं तिथेच राहतात. आपल्याकडे विहिरीच्या बाबतीत हे होतंच की. एक जण गाळ काढायला उतरतो, खाली हवा खराब असते, तो कोसळतो, त्याला काढायला भाऊ उतरतो, भावाला काढायला शेजारी. बापूने असल्या विहिरी पाहिल्यात. त्याचा नियम पक्का आहे, वरच्या माणसाच्या हातात दोर असल्याशिवाय आणि खाली हवा मारल्याशिवाय कंबरेपर्यंतसुद्धा उतरायचं नाही, घरचे कितीही रडोत.

मग भैय्याने आपल्या भागातला प्रश्न विचारला, वरून बोअर का नाही मारला? खान्देशात चार माणसं बसली की बोअरचा विषय येणारच. प्रश्न चुकीचा नाही, १९८९ मध्ये राणीगंजच्या महावीर खाणीत पाणी घुसलं तेव्हा नेमकं हेच केलं होतं. एकाहत्तर कामगार अडकले, सहा बुडाले, उरलेल्या पासष्टांसाठी वरून भोक पाडलं आणि जसवंतसिंग गिल नावाचे इंजिनिअर लोखंडी कॅप्सूलमधून स्वतः खाली गेले, एकेकाला वर पाठवलं आणि शेवटी स्वतः आले. पण खाणीचा नकाशा असतो, कुठे किती खोल ते माहीत असतं. थाम लुआंगमध्ये पोरांच्या डोक्यावर शेकडो मीटर खडक, नेमकी जागा कुठे ते वरून सांगता येईना, डोंगरावर जंगलात लोक भोकं शोधत फिरले, कुठलंच पोरांपर्यंत पोचलं नाही.

पाणी उपसायचं कामही चालूच होतं आणि इथे बापूची छाती फुगली, कारण आपले किर्लोस्कर ब्रदर्सचे पंपवाले तिथे जाऊन मदतीला उभे होते. उपसलेलं पाणी खालच्या भातशेतीत गेलं, शेतकऱ्यांची लावणी बुडाली आणि काहींनी तर नुकसानभरपाई नको म्हणून सांगितलं. शेतकरी माणसाला लावणी बुडणं म्हणजे काय ते इथे कोणाला समजवायला नको.

खरा वाद मात्र पेटला तो भुलीवरून.

आमच्यात एक जण धुळ्याला ऑपरेशन थिएटरमध्ये टेक्निशियन आहे, आम्ही त्याला डॉक्टरच म्हणतो. तो म्हणाला, पोरांना केटामाइन देऊन, पूर्ण बेशुद्ध करून पाण्याखालून आणलं, हे ऐकलं तेव्हा मला झोप आली नव्हती. नानांना हे माहीतच नव्हतं. त्यांना वाटत होतं पोरांना पोहायला शिकवून आणलं. "बेशुद्ध? पाण्यात? अन श्वास?"

का केलं असं, त्याचं कारण पोरं काढायच्या आधीच दिसलं होतं. रिक स्टँटन आणि जॉन व्होलांथन, एक रिटायर्ड फायरमन आणि दुसरा कॉम्प्युटरवाला, हौसेने गुहांत बुडी मारणारे इंग्रज, यांनीच पोरं शोधली. त्याआधी त्यांना गुहेत पंपावर काम करणारी चार माणसं पाण्यामुळे अडकलेली सापडली. धडधाकट मोठी माणसं, अंतर अगदी थोडं, तरी पाण्याखाली आल्याबरोबर ती घाबरून झटू लागली. बुडता माणूस वाचवणाऱ्याच्या अंगावर चढतो हे भैय्याला सांगायची गरज नाही, त्याला स्वतःला अनुभव आहे, आणि इथेच तो पहिल्यांदा गप्प झाला. अकरा ते सोळा वर्षांची पोरं, नऊ दिवस उपाशी राहिलेली, अंधारात, तोंडावर मास्क, तासन्तास. एकाने जरी मास्क ओढला असता तर तो गेला असता आणि नेणाऱ्यालाही घेऊन गेला असता.

डॉक्टरने मग सगळं नीट सांगितलं, आणि मला हा भाग फार महत्त्वाचा वाटतो म्हणून सविस्तर लिहितो. ऑस्ट्रेलियाचे रिचर्ड हॅरिस, पेशाने भूलतज्ज्ञ आणि गुहेत बुडी मारणारे सुद्धा, असा माणूस जगात किती असतील. त्यांच्यासोबत क्रेग चॅलेन, जनावरांचे डॉक्टर. आधी पोराला एक गोळी, भीती कमी व्हायला. मग पोरगं खाली पाण्याच्या काठी येऊन हॅरिसच्या मांडीवर बसायचं, आणि तिथे पायात सुई, केटामाइनची, आणि अॅट्रोपीनची, लाळ सुटू नये म्हणून, कारण तोंडावर बंद मास्क असताना लाळ घशात गेली तर तेवढ्यानेही गुदमरतं. केटामाइनच का, तर त्याने श्वास सहसा थांबत नाही. मास्कच्या आत हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा जास्त, म्हणजे कडेने फट राहिली तर हवा बाहेर जाईल, पाणी आत येणार नाही. हात मागे बांधलेले, मधेच जाग आली तर मास्क ओढू नये म्हणून. आणि भूल वाटेतच उतरणार, म्हणून बाकीच्या पाणबुड्यांना, ज्यांनी आयुष्यात कोणाला इंजेक्शन दिलं नव्हतं, त्यांना शिकवलं, भरलेल्या सुया सोबत दिल्या, पोरगं हलायला लागलं की मांडीत टोचा.

"आमच्याकडे," डॉक्टर म्हणाला, "पेशंटला भूल दिली की मॉनिटर, ऑक्सिजन, सक्शन, चार माणसं, तरी नजर हटवत नाही. तिथे फक्त बुडबुडे येताय की नाही एवढंच बघायचं, तेही दिसलं तर."

नाना म्हणाले, हे पाप आहे, एखादं पोरगं वाटेत गेलं असतं तर आईबापाला काय सांगणार होते? नानांची भीती खोटी नव्हती, स्वतः हॅरिसनाच वाटत होतं हे जमायचं नाही, आणि काही बिघडलं तर त्यांच्यावर तिथे खटला होऊ नये याचं आधी बोलणं करून ठेवावं लागलं होतं. पण दुसरा मार्ग कुठला? पावसाळा सरेपर्यंत तीन-चार महिने आत ठेवायचं? आत हवेतला ऑक्सिजन १५ टक्क्यांवर आलेला, एरवी २१ असतो. पुढचा पाऊस तोंडावर. थांबलं तरी मरणार, घाई केली तरी मरणार, यातून त्यांनी ते सहा दिवस काढले, मास्क घट्ट बसतो का ते तिथल्याच पोरांना पोहण्याच्या तलावात उतरवून बघितलं, मोकळ्या जागेत तालीम केली, वाटेवर सिलिंडरं ठेवली. भैय्या, हे ते सहा दिवस.

तरीही शेवटच्या दिवशी, १० जुलैला, एका पाणबुड्याच्या हातून दोर सुटलाच. एका हातात बेशुद्ध पोरगं, समोर काही दिसत नाही. चाचपडताना एक केबल हाताला लागली, तिच्या आधाराने तो मागच्या दालनात परतला, मागून येणाऱ्या हॅरिसनी त्या पोराला पुढे नेलं. इतकी तयारी करूनसुद्धा हे झालं. पहिले दोन दिवस चार चार, तिसऱ्या दिवशी पाच, तेराच्या तेरा बाहेर. सगळे बचाववाले निघत असतानाच मोठा पंप बंद पडला आणि पाणी भराभर चढलं.

बापूने मेघालयची आठवण काढली, त्याच वर्षीच्या डिसेंबरची, क्सानच्या कोळसा खाणीत पाणी घुसून पंधरा मजूर अडकले. तिथेही नौदलाचे पाणबुडे गेले, तिथेही किर्लोस्करांचे पंप गेले, पण मोठे पंप पोचायलाच दोन आठवडे गेले, आणि पाणी उपसलं तेवढं आजूबाजूच्या जुन्या खाणींतून परत येत राहिलं. कोणी जिवंत निघालं नाही. बापूचं म्हणणं, पाणबुड्याला दोष देऊ नका, पंप पहिल्या दिवशी कुठे होते ते विचारा. मला हे शंभर टक्के पटतं. धाडस आपल्या लोकांत कमी नाहीच, दोर, पंप, हवा आणि आधी केलेली तालीम कमी पडते.

नाना मात्र शेवटपर्यंत एका गोष्टीवर अडून राहिले. गुहेच्या तोंडावर पावसाळ्यात आत जाऊ नका असा बोर्ड होता, तरी पोरं गेली, आणि त्यापायी समन गेला, आणि बैरुत पाकबारा नावाचा दुसरा सील, त्याला तिथेच रक्ताचा संसर्ग झाला, तो वर्ष दीड वर्ष झुंजून डिसेंबर २०१९ मध्ये गेला, त्याचं तर नावसुद्धा कोणी घेत नाही. भैय्या म्हणाला, नाना, पोरं आहेत, पोरं जाणारच, आपण लहानपणी पाटणादेवीच्या धबधब्याखाली बोर्ड वाचून जायचो का? नानांनी यावर उत्तर दिलं नाही. त्यांनी बापूला विचारलं, तुझ्याकडे तो मोटार सोडायचा नायलॉनचा दोर किती लांब आहे, आणि तितूरच्या पुलापाशी पावसाळाभर ठेवता येईल का. बापू म्हणाला, जुना आहे, मोटारीला चालतो, माणसाला नाही चालणार, माणसासाठी नवीन घ्यावा लागेल. वर्गणी काढायचं ठरलं, आणि दोर धरायला कोण कोण, याची नावं भैय्यानेच लिहायला घेतली.