युद्ध अरबीतून ऐकणारा वार्ताहर

युद्धवार्ताहर म्हटले की बुलेटप्रूफ जाकीट घालून कॅमेऱ्यासमोर उभा असलेला माणूस आपल्या डोळ्यांपुढे येतो. अँथनी शदीद यांचे वार्तांकन वाचल्यापासून मला मात्र या पेशात छातीपेक्षा कानाचे मोल अधिक वाटू लागले आहे.

१९६८ साली ओक्लाहोमा सिटीत जन्मलेल्या शदीद यांचे घराणे मूळचे दक्षिण लेबनॉनमधील मर्जायूनचे. तरीही अरबी त्यांना घरात मिळाली नाही, ती त्यांनी मोठेपणी विद्यापीठात आणि कैरोत राहून कमावली. २००३ मध्ये अमेरिकी फौजा इराकमध्ये शिरल्या तेव्हा शेकडो वार्ताहर त्यांच्या ताफ्यांतूनच निघाले होते. शदीद ‘वॉशिंग्टन पोस्ट’साठी बगदादमध्ये, म्हणजे बॉम्ब जिथे पडत होते तिथे, थांबले. खंदक खणताना मारल्या गेलेल्या चौदा वर्षांच्या मुलाला मशिदीत अखेरचे स्नान घातले जात असताना टिपलेले त्यांचे वृत्त लष्कराच्या पत्रकार परिषदेत बसून लिहिता आले नसते. त्याच वर्षी थुलुया गावात, अमेरिकनांचा खबऱ्या ठरलेल्या मुलाला गावाच्या दडपणाखाली खुद्द बापाने मारले, आणि त्या बापाचे म्हणणेही शदीद यांनी ऐकून घेतले. त्याला खलनायक ठरवण्याची घाई त्यांनी केली नाही. इराकमधील वार्तांकनासाठी त्यांना २००४ आणि २०१० असे दोनदा पुलित्झर हे पत्रकारितेतील मानाचे अमेरिकी पारितोषिक मिळाले. (आखातात आपली इतकी माणसे नोकरीला आहेत, पण अरबी जाणणारा मराठी बातमीदार मला तरी अजून भेटलेला नाही.)

धाडसाच्या कौतुकाबद्दल माझा आक्षेप आहे तो वेगळ्याच कारणाने. २००२ मध्ये पॅलेस्टिनी भागातील रामल्ला शहरात शदीद यांच्या खांद्याला गोळी लागली, हे सर्वत्र नोंदले जाते. मार्च २०११ मध्ये लिबियात गद्दाफीच्या सैनिकांनी त्यांना, ते तेव्हा ज्यात होते त्या ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या तीन सहकाऱ्यांसह पकडले; काही दिवसांनी चौघे सुटले, मात्र त्यांची गाडी चालवणारा तरुण लिबियन जिवंत परतला नाही. परदेशी वार्ताहराच्या शौर्यकथेत अशा स्थानिक माणसाला एखादी ओळ मिळते, आणि ती मला नेहमीच अपुरी वाटते.

१६ फेब्रुवारी २०१२ रोजी, सीरियातून चोरवाटेने परतताना, सोबतच्या घोड्यांमुळे उसळलेल्या दम्याने शदीद वयाच्या ४३व्या वर्षी गेले. छायाचित्रकार टायलर हिक्स यांनी त्यांचा मृतदेह सीमेपलीकडे तुर्कस्तानात नेला.