पाय असणाऱ्यांसाठी काही सूचना

गेल्या मंगळवारी सकाळी पणजीत आल्तिनोच्या टेकडीवरून मळा भागाकडे उतरत असताना, एका वळणावरच्या तिठ्यावर, काळ्या पाटीवर पिवळे आकडे मिरवणाऱ्या, पाहुण्याने भाड्याने घेतलेल्या मोटारीने माझ्या हातातील छत्री उडवली. चालकाने काच खाली करून "अंकल, देखके चलो" असा मोलाचा सल्ला दिला आणि पादचाऱ्यांच्या सुरक्षिततेचा जटिल प्रश्न, एक पाय गटारात असतानाच, मला उलगडला. आपल्याही उपयोगी पडावे म्हणून लिहितो.

प्रथमतः, पाय घेऊन घराबाहेर पडू नये.

पदपथाचा मोह धरू नये. तो किमान १.८ मीटर मोकळा असावा आणि त्याची कड १५० मिलिमीटरपेक्षा उंच नसावी, असे रस्ते-अभियंत्यांच्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेचे मानक सांगते. आपल्याकडे तेवढ्या जागेत विजेचा खांब, दोन स्कूटर आणि उघडे गटार गुण्यागोविंदाने नांदतात, त्यांच्या संसारात आपण कशाला लुडबुड करावी?

पहाटे पाव घेऊन येणाऱ्या पोदेराने चढणीवर सायकल डुलू देऊ नये. मागे भरलेली टोपली आणि वेग माणसाच्या चालीइतका असला की सायकल डुलणारच, हे पदार्थविज्ञान झाले. पण मागच्या मोटारीला घाई असते आणि तिला गरम पावही हवे असतात.

आता "बघून चालणे" कसे साधावे ते पाहू. सपाट रस्त्यावर ताशी ४० किलोमीटर वेगाने येणारे वाहन थांबण्यासाठी ४५ मीटर अंतर धरावे, ताशी २० असेल तर २० मीटर, असे रस्ते बांधणाऱ्यांचेच कोष्टक आहे. उतारावर हे अंतर वाढते, आणि पावसात वरून वाहून आलेली लाल माती व खडी नेमकी तिठ्यावर साचते, तेथे चाक धरत नाही. आमच्या तिठ्यावर चिऱ्यांच्या कुंपणामुळे वळणापलीकडचे दहा पावलांवरचेही दिसत नाही. म्हणजे चालकाला मी दिसेपर्यंत त्याची थांबण्याची वेळ केव्हाच टळलेली असते, मग मी डोळे फाडून बघितले काय किंवा मिटून घेतले काय! पलीकडचे दिसावे म्हणून तेथे एक बहिर्गोल आरसा बसवलेला आहे, त्यावर कोणा लोकप्रिय व्यक्तीच्या वाढदिवसाच्या शुभेच्छांचा फलक बांधलेला आहे, आणि बांधणाऱ्याला दोरी अडकवायला तोच खांब बरा वाटला!

झेब्रा पट्टा शोधू नये. तो डांबराखाली सुखरूप आहे.

अर्ज करावा. मी केला, पावसाळ्यानंतर बघू असे उत्तर आले, आणि पावसाळ्यानंतर रस्ताच खणण्यात आला.

पुरे झाले. पाहुण्यांवर खापर फोडण्यात अर्थ नाही, कारण बुधवारी त्याच जागी हॉर्न दाबत माझ्या अंगावर आलेला गृहस्थ आमच्याच वाड्यावरचा होता. चालकांनो, पट्ट्याजवळ वेग कमी करून पादचाऱ्याला वाट देण्याचे बंधन २०१७ च्या वाहनचालन नियमांनी तुमच्यावर घातलेले आहे, माझ्यावर नव्हे. हॉर्न हा ब्रेक नाही. आणि अर्जांवर शेरे मारणाऱ्यांनो, तिठ्यावर पादचाऱ्यांसाठी उंचावलेला पट्टा घाला, खडी झाडून काढा, कोपऱ्यावरच्या गाड्या उचला. तेवढेही जमत नसेल तर निदान शिडी लावून तो फलक उतरवा; तो वाढदिवस होऊन पंधरवडा लोटला आहे.