एकास चोवीस

खरी गाडी चोवीस पटींनी लहान करता येते. टायर, वायपर, स्पीडोमीटरचा काटा, दाराचं हँडल, सगळं तिकडे जपानात कुणीतरी नेमक्या मापानं छोटं करून साच्यात ओतलेलं असतं. धूळ मात्र आहे त्याच मापात येते. नाशकात तर घरपोच येते.

आधी थोडं गणित सांगतो, म्हणजे माझ्या चिडचिडीला आधार आहे हे तुमच्या लक्षात येईल. एकास चोवीस म्हणजे खऱ्या गाडीच्या फुटाला मॉडेलचा अर्धा इंच. सध्या माझ्या टेबलावर १९६६ची फोक्सवॅगन बीटल आहे. खरी चार मीटरपेक्षा जराशी लांब, माझी सतरा सेंटीमीटरची. माणसाचा केस साधारण ०.०७ मिलिमीटर जाड असतो. तो ओल्या रंगावर पडला, की चोवीसच्या हिशेबानं बॉनेटवर पावणेदोन मिलिमीटरची तार चिकटलेली दिसते. खऱ्या गाडीवरचा रंग सगळे थर धरून मिलिमीटरचा एक दशांश भरतो. म्हणजे मॉडेलवर तो फक्त चार मायक्रॉन हवा. इतका पातळ हात मारणारा रंगारी अजून जन्माला यायचाय. तोवर आम्ही सगळे गाडीवर डांबरीकरणच करत असतो आणि ते रंगासारखं दिसू दे म्हणून देवाला हात जोडत असतो.

सुटे भाग जोडून मॉडेल गाड्या करायचं हे खूळ ज्यांनी जगभर पोचवलं त्यांत जपानी आघाडीवर. येवल्याला जशी पैठणी, तशी शिझुओका प्रांतात प्लास्टिकची मॉडेलं. तामिया, हासेगावा, आओशिमा, फुजिमी, सगळे तिथलेच. खोक्यातल्या माहितीपत्रकावर एक सुबक हात असतो. चिमट्यात बाजूचा आरसा धरलेला. त्या हाताला घाम येत नाही, त्याच्या शेजारी फोन वाजत नाही आणि ‘गॅस बंद कर रे’ असं त्याला कुणी ओरडून सांगत नाही.

खोकं उघडल्यावर पहिलं काम म्हणजे सगळे भाग भांड्यांच्या साबणानं धुणं. साच्यातून सुटून यावेत म्हणून लावलेला तेलकटपणा राहिला तर रंग धरत नाही. हे शास्त्र मी बायकोला समजावून सांगितलं. तिनं सिंककडे पाहिलं. त्यात कालच्या कढया होत्या.

“यांनाही तेलकटपणा आहे,” ती म्हणाली.

मग चिकटवणं. यातला खरा गोंद गोंद नसतोच, पाण्यासारखं पातळ सॉल्व्हंट असतं. दोन भाग जुळवून धरायचे, ब्रशचं टोक फटीला टेकवायचं, थेंब आपोआप आत पळतो, प्लास्टिक विरघळतं आणि दोन्ही भाग एकजीव होतात. बोट फटीजवळ असेल तर थेंब बोटाखालीही पळतो. आधारच्या मशीनला ज्यांचा ठसा वर्षानुवर्षं सापडलेला नाही, त्यांचाही इथं पहिल्या फटक्यात उमटतो. काचांना मात्र हे चालत नाही, आणि सुपरग्लूही नाही. त्याची वाफ काचेवर पांढरी बसते. तिथं आपला शाळेतला फेविकॉलच. वाळला की पारदर्शक.

सामान गोळा करणं ही वेगळीच यात्रा. रंगासाठी मी मुंबई नाक्याकडच्या एका गाड्यांच्या रंगाच्या दुकानात गेलो.

“गाडी कुठली?”

“बीटल.”

“पॅनल किती?”

“पूर्ण गाडी.”

त्यानं आदरानं पाहिलं, कॅल्क्युलेटर ओढला. “किती लिटर देऊ?”

“पन्नास मिली.”

कॅल्क्युलेटर परत जागेवर गेला. “दादा, आधी गाडी घेऊन या.”

मी पिशवीतून काढून काउंटरवर ठेवली. दुकानातली तीन माणसं गोळा झाली. एकानं विचारलं, “क्लेमची आहे का?”

तारेचं त्याहून अवघड. बीटलचं इंजिन चार सिलिंडरचं, म्हणजे चार प्लगांना चार वायरी. खरी प्लगची वायर सात मिलिमीटर जाड. भागिले चोवीस, म्हणजे ०.२९. मोटारीच्या वाइंडिंगला जी तांब्याची तार वापरतात, तिचं तीस नंबर गेज ०.३१५ चं असतं. तेवढा फरक चालतो. सातपूरच्या एका रिवाइंडिंगवाल्याकडे गेलो. तो पंख्याच्या मोटारीत कोपरापर्यंत बुडालेला.

“तीस गेज आहे का?”

“किती किलो?”

मी वीतभर हात पसरून दाखवला. त्यानं हातातलं काम ठेवलं, जमिनीवर पडलेला एक तुकडा उचलून माझ्या हातावर ठेवला आणि पैसे घेतले नाहीत. त्याच्या चेहऱ्यावर जे होतं त्याला दया म्हणतात.

त्या वायरी मी बीटलच्या फायरिंग ऑर्डरप्रमाणे, म्हणजे सिलिंडर ज्या क्रमानं पेटतात त्या क्रमानं, एक-चार-तीन-दोन अशा, डिस्ट्रिब्यूटरपासून नीट ओढल्या. हे सगळं एका झाकणाखाली आहे. ते झाकण आजवर घरातल्या कुणीही उघडलेलं नाही. पण मला माहीत आहे, आणि रात्री झोप त्यामुळेच शांत लागते. सायलेन्सरवरच्या गंजासाठी परदेशी पिगमेंटची महागडी डबी मिळते. मी आईच्या कुंड्यांना लावायचा गेरू घेतला. गंज म्हणजे लोखंडाचं ऑक्साइड आणि गेरू म्हणजेही लोखंडाचं ऑक्साइड. कोरड्या ब्रशनं नुसता झटकला. असा गंज नाशिकरोडच्या भंगारातसुद्धा पाहायला मिळणार नाही.

आता मुख्य संकटाकडे येतो, म्हणजे रंग कधी मारायचा. मार्च ते मे हवा कोरडी, रंगाला फार चांगली. पण धूळही तेव्हाच. त्यात २०२७च्या सिंहस्थाची तयारी. आमच्या गल्लीनं आतापर्यंत पाण्याची पाइपलाइन, ड्रेनेज आणि केबल यांसाठी पोट उघडून दाखवलंय. रंगपंचमीला गावातल्या रहाडी, म्हणजे रंगाच्या पाण्याचे हौद, उघडतात. त्यात उड्या मारून भाचा थेट आमच्याकडे अंघोळीला येतो, आणि वाळलेला रंग त्याच्या अंगावरून पुढचा आठवडाभर घरात उडत राहतो. जून लागला की धूळ बसते, पण हवा दमट होते. लॅकर फवारलं की त्यातलं थिनर भराभर उडतं, पृष्ठभाग गार पडतो, हवेतलं बाष्प त्यावर जमतं आणि काळीशार गाडी दूध सांडल्यागत पांढुरकी होते. दिवाळीत घराची झाडलोट. राहता राहिली थंडी. निफाडचा पारा पेपरच्या पहिल्या पानावर आला, की मी रंग फवारायचा कंप्रेसर बाहेर काढतो.

थंडीत अडचण एकच, स्वेटर. लोकरीचा तंतू हा मॉडेलवाल्याचा हाडवैरी. शाल नको, मफलर नको, टेरीचा टॉवेल तर खोलीतच नको. रंगाची जागा कोणती? घरात सगळ्यांत कमी धूळ बाथरूममध्ये असते. तिथं आधी भिंतींवर, फरशीवर पाणी मारून हवेतली धूळ खाली बसवायची. पाणी कमी मारलं तर धूळ राहते, जास्त मारलं तर पांढुरकेपणा येतो. मधलं जे प्रमाण आहे ते शोधेपर्यंत सर्दी होते. गॅस गीझर आधी बंद, कारण थिनरची वाफ पेट घेते. म्हणजे गरम पाणीही नाही. तर चित्र असं: डिसेंबरातली सकाळ, बाथरूमची खिडकी उघडी, मी उघडाबंब, कमरेला सुती पंचा, तोंडावर दोन डबड्यांचा मास्क, हातात एअरब्रश, आणि दाराबाहेर दात घासून झालेली अख्खी फॅमिली.

“अगं, हात लावू नका त्याला,” आई बाहेर सगळ्यांना सांगत होती, “सोवळ्यात आहे तो.”

एअरब्रशचं तोंड ०.३ मिलिमीटरचं. दाब पंधरा-वीस पीएसआय, अंतर वीतभराच्या आत. पहिला हात नुसता धुक्यासारखा, खालचा प्रायमर दिसत राहील असा. थांबायचं. मग दुसरा. शेवटचा हात ओला, आणि तो जमला की रंग डोळ्यांदेखत ताणला जाऊन आरशासारखा होतो. त्या चार-पाच सेकंदांत छतावर ट्यूबलाइटची सरळ रेघ उमटते. ती सरळ आली, वाकडी-तिकडी दाणेदार आली नाही, की बाहेर कुणी दार कितीही वाजवो, माणसाला ऐकू येत नाही.

या वेळी रेघ सरळ आली. मी श्वास रोखून गाडीवर आईचा पापडाचा डबा पालथा घातला. आता धूळ आत जाणं शक्यच नव्हतं.

चिलट आधीच आत होतं.

डबा उचलला तेव्हा ते डाव्या मडगार्डवर पाय रोवून उभं होतं, अगदी काळजीपूर्वक वाळवलेलं. दोन मिलिमीटर गुणिले चोवीस, म्हणजे जवळजवळ पाच सेंटीमीटर. तुमच्या दारातल्या गाडीच्या रंगात एक भलं मोठं झुरळ कायमचं बसवून मिळालं, असं समजा. अशा वेळी नियम एकच: ओलं असताना हात लावायचा नाही. रंग पक्का वाळू द्यायचा, मग दोन हजार नंबरचा पॉलिश पेपर साबणाच्या पाण्यात बुडवून अलगद घासायचं, वर पुन्हा एक हात, शेवटी कंपाउंड. सगळं केलं. चिलट गेलं. त्याचा मागचा एक पाय रंगाच्या थरात खोल राहिला. मी तो दाखवत नाही, पण उजेड खिडकीकडून आला की दिसतो.

गाडी पूर्ण झाल्यावर पाहायला येणारे सगळे तेच विचारतात. रिमोटवर चालते का? नाही. लाइट लागतात? नाही. हॉर्न? नाही. “मग करते काय?” यावर माझ्याकडे उत्तर नाही. हाच प्रश्न बायको माझ्याबद्दलही विचारते.

वरच्या मजल्यावरचे काका मात्र वेगळे. सातपूरच्या एका कंपनीत क्वालिटी कंट्रोलमध्ये आयुष्य गेलं. ते व्हर्नियर घेऊनच आले. चष्मा कपाळावर चढवून गाडी दोन्ही बाजूंनी न्याहाळली, लांबी मोजली, चोवीसनं गुणली, मान हलवली. मग त्यांनी मागचं झाकण नखानं अलगद उचललं. उचललं! माझा जीव त्या चार वायरींत.

“अरे, इंजिन मागे बसवलंस तू.”

“काका, बीटलचं मागेच असतं. हवेवर थंड होतं, रेडिएटर नाही. अशा दोन कोटी पंधरा लाखांच्या वर गाड्या निघाल्या, मेक्सिकोत तर २००३ पर्यंत.”

“सगळ्यांचं मागे?”

“सगळ्यांचं.”

ते थोडा वेळ गप्प बसले. वायरींकडे पाहिलं, बोटांवर काहीतरी मोजलं. “एक-चार-तीन-दोन,” असं पुटपुटले. माझ्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं.

“बरं, मग पुढे काय आहे?”

“डिकी. त्यात स्टेपनी. खऱ्या गाडीत स्टेपनीच्या हवेवर काच धुवायचं पाणी उडायचं.”

“उघड बघू.”

“ती उघडत नाही, काका. चिकटवलेली आहे. आत काही नाही.”

काकांनी व्हर्नियर खिशात ठेवलं, चष्मा खाली घेतला. “म्हणजे स्टेपनी नाही.”

“नाही.”

“लांबी पास. इंजिन पास,” ते उठता उठता म्हणाले, “पण घोटीच्या पुढे नेऊ नकोस.”