मागचा काप खाचेला भिडवू नका

झाड तोडण्यावरच्या या लेखात पुढची खाच (झाड पाडायचं त्या बाजूची) कशी घ्यायची ते नीट सांगितलंय, पण 'मग मागून कापत जा, झाड आपोआप पडेल' हे वाक्य नवख्याला महागात पडेल. मागचा काप खाचेपर्यंत न्यायचाच नाही. मध्ये बुंध्याच्या जाडीच्या साधारण दहाव्या हिश्श्याएवढी न कापलेली पट्टी ठेवायची, म्हणजे दोन फुटी बुंध्याला जवळपास अडीच इंच. झाड कुठे वळायचं ते ही पट्टी बिजागरीसारखी ठरवते. ती कापली की झाड मोकाट.

आणि कोकणात सरळ झाडं असतात कुठे? आंबा, फणस एका अंगाला झुकलेला, सगळा भार तिकडेच. असा बुंधा मागून कापताना मध्येच उभा चिरू शकतो आणि चिरलेला भाग उसळून कापणाऱ्याच्याच अंगावर येतो. कललेलं, पोकळ किंवा तारांजवळचं झाड नवख्याने हातात घेऊच नये, सरळ जाणता लाकूडतोड्या बोलवावा. वर सुकलेल्या फांद्या अडकल्यात का तेही आधी बघा, हादऱ्याने त्या डोक्यात येतात.

पळायची वाट पडण्याच्या दिशेच्या उलट बाजूला, तिरकी, झुडपं तोडून आधीच मोकळी केलेली हवी. बघे झाडाच्या उंचीच्या दुप्पट लांब (गावात हेच सगळ्यात अवघड, मोबाइल काढून सगळे पुढे!).

परवानगीबद्दल लेखात चकार शब्द नाही. शहरात महाराष्ट्राच्या १९७५ च्या वृक्ष कायद्याप्रमाणे स्वतःच्या अंगणातलं झाड तोडायलाही पालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते.