सर्व्हिसमध्ये काय करत होतात, हे एकदा तरी विचारा

आज ताईबरोबर ईसीएचएसच्या, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या, पॉलिक्लिनिकला गेले होते. कुठल्या ते लिहीत नाही. काउंटरवर कार्ड ठेवलं तर पहिला प्रश्न, "साहेब आले नाहीत?" त्याची आता सवय झालीय. डोकं फिरलं ते आत गेल्यावर. लघवीवर ताबा राहत नाही, वरचेवर इन्फेक्शन होतं, हे तोंडाने सांगायला ताईला कित्येक महिने लागले होते. डॉक्टरांनी मानही वर केली नाही. "या वयात बायकांना होतंच." गोळ्या लिहिल्या, पुढचा पेशंट.

होतंच?

ताई आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये, म्हणजे सैन्याला रसद पोचवणाऱ्या विभागात, अधिकारी होती. लडाखमध्ये गाड्यांच्या ताफ्याबरोबर दिवसदिवस प्रवास, आणि अख्ख्या ताफ्यात ही एकटी बाई. गाड्या थांबल्या की पुरुष रस्त्याच्या कडेला जायचे, ही गाडीतच. म्हणून पहाटेपासून पाणीच प्यायची नाही. तेही त्या उंचीवर, जिथे प्रत्येकाला भरपूर पाणी प्या म्हणून बजावतात. आजचं दुखणं त्यातूनच आलं का, ते मी ठरवू शकत नाही, मी डॉक्टर नाही. पण जे आहेत त्यांनी विचारायला नको? आमच्या आधी गुडघ्यासाठी आलेल्या सुभेदारसाहेबांना युनिट कुठलं, पोस्टिंग कुठे, सगळं विचारलं होतं की!

आणि हे कार्ड तरी कधी मिळालं? ईसीएचएस २००३ मध्ये सुरू झाली. ताई शॉर्ट सर्व्हिसची, म्हणजे ठरावीक वर्षांच्या नोकरीवरची, चौदा वर्षांनी बाहेर पडली. अधिकाऱ्याला पेन्शनसाठी वीस वर्षं लागतात आणि त्या काळात तिच्या कोअरमध्ये बायकांना पर्मनंट कमिशनच, म्हणजे निवृत्तीपर्यंतची नोकरीच, नव्हती. म्हणजे पेन्शन नाही, म्हणून ईसीएचएसही नाही. शॉर्ट सर्व्हिसवाल्यांना दार उघडलं २०१९ मध्ये. ऐन पाळी जाण्याच्या वयातली वर्षं तिने स्वतःच्या खिशातून काढली.

बायकांनाही पर्मनंट कमिशन द्या, हा निकाल सुप्रीम कोर्टाने फेब्रुवारी २०२० मध्ये दिला. तरी पुढे फिटनेसची अट आडवी आली. पुरुष अधिकारी जी शेप-वन (पूर्ण तंदुरुस्तीची) कसोटी तरुणपणी देऊन मोकळे झाले होते, तीच बायकांकडून चाळिशी-पन्नाशीत मागितली. मार्च २०२१ मध्ये कोर्टाला तेही खोडून काढावं लागलं. ठेवायचं की नाही हे ठरवताना बाईचं शरीर इतकं बारकाईने मोजता येतं. मग ती बाहेर पडल्यावर तेच शरीर एकदम "या वयात होतंच" कसं होतं?

ईसीएचएसमुळे असंख्य घरं तरली आहेत, हे मान्य. माझ्या ओळखीतल्या काकांची बायपास त्यातूनच झाली. काही ठिकाणी स्त्रीरोगतज्ज्ञ बसतात, कर्मचाऱ्यांवर कामाचा बोजा आहे, स्वतः सैन्यात होत्या अशा बायकांची संख्या कमी आहे, तेही खरं. पण कमी आहे म्हणून तर आत्ताच नीट करणं सोपं आहे ना?

कारण पुढे ती कमी राहणार नाही. मिलिटरी पोलिसात मुली शिपाई म्हणून आल्या. खडकवासल्याहून एनडीएची मुलींची पहिली तुकडी २०२५ मध्ये बाहेर पडली. ट्रेनिंगमध्ये वजन घेऊन पळताना हाडाला बारीक तडे जाण्याचं प्रमाण मुलींमध्ये मुलांपेक्षा जास्त असतं, आणि पाळी गेल्यावर हाडं आणखी ठिसूळ होतात. हे आधीपासून माहीत आहे. मग पन्नाशीतल्या माजी अधिकारी बाईच्या हाडांची तपासणी आपणहून व्हायला नको? अग्निवीर मुलींचं तर विचारूच नका, चार वर्षांनी बाहेर पडणाऱ्यांना ईसीएचएसच नाही.

आपल्या सैन्यातल्या पहिल्या महिला लेफ्टनंट जनरल पुनीता अरोरा स्वतः स्त्रीरोगतज्ज्ञ. माणसं नाहीत, ज्ञान नाही, असं कोणी सांगू नये.

लिहिता लिहिता राग थोडा उतरला. परतताना ताई म्हणाली, "जाऊ दे गं, त्यांना कुठे माहीत असणार." मला तिचं हेच सहन होत नाही. ताफ्यातही ती असंच गप्प बसली होती.

तुमच्या ओळखीत शॉर्ट सर्व्हिस करून बाहेर पडलेली कुणी असेल तर तिच्याकडे कार्ड आहे का, ते आजच विचारा. एकदाच वर्गणी भरावी लागते, आणि आपल्याला हे मिळू शकतं हेच अनेकींना माहीत नाही. तपासणीला जाताना रिलीज मेडिकलचे (सैन्य सोडताना झालेल्या तपासणीचे) कागद बरोबर न्या. कोअर, पोस्टिंग, जुनी दुखापत आपणहून सांगा आणि केसपेपरवर लिहून घ्यायला लावा. डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं तरी.